'सांभाळतो' म्हणजे नक्की काय करतोस?

'आईबाबांना मीच सांभाळतो', माझ्या टीममधले मुलगे छाती फुगवून सांगतात. बाबांची बीपीची गोळी कुठली, एवढं विचारा. लगेच बायकोला फोन! तीही दिवसभर ऑफिस करून आलेली असते. तिचे आईवडील मात्र रविवारच्या व्हिडिओ कॉलपुरते. आणि मेडिक्लेमचा हप्ता भरून श्रावणबाळ कोण? हा.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकतो. त्या यादीत सून नाही. (जावईही नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा तरी कोण करतं?) मग घरात पहिला नंबर तिचाच का, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

बाबांचा डायपर बदलायला लाज वाटते म्हणतोस? तिला वाटत नसेल?