चिन्ह हरवले की जागा हलते

वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीचे स्थान सुमारे १५°४५′ उत्तर अक्षांश आणि ७३°४०′ पूर्व रेखांश. लोहखनिज चढवणारे बंदर, यशवंतगड, द्विभुज गणपतीचे देऊळ, सगळे याच आकड्यांच्या आसपास. डीटीपीच्या टेबलावर अंशाची आणि मिनिटाची खूण कळफलकावर चटकन सापडत नाही, पान छपाईला जायचे असते, आणि १५.४५ व ७३.४० असे टाइप होऊन जाते. प्रूफ वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही. पण दशांश चिन्हापुढचे ४५ शंभरातले असतात आणि मिनिटे साठातली. १५°४५′ दशांशात लिहायचे तर १५.७५ होतात. त्या चुकलेल्या आकड्यांनी नकाशा काढला, तर रेडी ३३ किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ २९ किलोमीटर पश्चिमेला सरकते. मुरगावसमोर, भर समुद्रात.

गणिती चिन्हे मजकुराची सजावट आहेत, अशी समजूत आपल्या व्यवसायात अजून आहे. ती सोडावी, एवढ्यासाठी हा लेख. चिन्ह आकारावरून उचलू नये, अर्थावरून उचलावे. मिनिटाच्या खुणेला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे, २०३२. तिच्या जागी अवतरणचिन्ह टाकले की सॉफ्टवेअर ते आपणहून वळवते आणि मिनिटाची खूण दिसेनाशी होते. वजाबाकीच्या चिन्हाचा क्रमांक २२१२. त्याऐवजी हायफन वापरला, तर मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो अनेकदा गाळून टाकते, आणि अंध विद्यार्थ्याच्या कानावर उणे पाचऐवजी नुसते पाच पडतात. अपवाद एकच: आकडेमोड करायच्या स्प्रेडशीटमध्ये हायफनच ठेवावा, कारण तिथे २२१२ टाकले तर पुष्कळदा ती संख्या म्हणून धरलीच जात नाही.

जुन्या फाइलींचे दुखणे याहून खोल आहे. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांची घरे देवनागरीच्या तुकड्यांनी व्यापलेली असत, त्यामुळे गणिताच्या खुणा ‘सिम्बॉल’सारख्या वेगळ्या फाँटातून आणाव्या लागत. आज अशी फाइल युनिकोडमध्ये आणताना सिम्बॉल फाँट सुटला की प्रत्येक खुणेच्या जागी त्याच घरातले दुसरे चिन्ह उमटते. ≤ च्या जागी पौंडाचे £ येते, ∞ च्या जागी येनचे ¥. हे निदान विचित्र दिसते, म्हणून पकडले जाते. घात होतो तो ≥ मुळे, कारण त्याच्या जागी ³ उमटते. ‘क ≥ ५’ चे ‘क ³ ५’ झाले, की मुद्रितशोधकाला तो क चा घन वाटतो आणि पान पुढे जाते. खनिजाच्या प्रतवारीच्या तक्त्यात ‘लोह ≥ ५८ टक्के’ असेल, तर त्यातली किमान मर्यादाच नाहीशी होते. रूपांतरित फाइल हाती आली की आधी तिच्यातला प्रत्येक ³ शोधून मूळ प्रतीशी ताडून पाहावा. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

देवनागरीचे स्वतःचे चकवेही आहेत. गुणोत्तराच्या दोन टिंबांच्या जागी विसर्ग बसतो आणि ३:५ चे ३ः५ होते. छापील पानावर कोणाच्या लक्षात येत नाही. फाइलमध्ये शोधायला गेले की गुणोत्तर सापडत नाही. केवल मूल्याच्या उभ्या रेघेऐवजी दंड पडतो. संक्षेपाचे ॰ अंशाच्या जागी जाऊन बसते, कधी चक्क शून्यच बसते, आणि ३० अंशांचे ३०० होतात.

सर्वात नाजूक जागा घातांकाची. सामवेदाच्या स्वरांकनासाठी अक्षरांच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडमध्ये २००९ साली आले. वैदिक ग्रंथ छापणाऱ्यांची ती खरी गरज होती. पण ते अंक अक्षरावर चढतात, घातांकासारखे त्याच्या बाजूला उभे राहत नाहीत, आणि देवनागरी घातांकांना वेगळे क्रमांक अजून नाहीत. म्हणून आपण १० लिहून पुढचा ३ निवडतो आणि फाँटच्या सोयीने वर उचलतो. ते उचलणे फक्त सजावटीत राहते. मजकूर कॉपी करून मोबाइलवर पाठवला, संकेतस्थळावर चढवला, की ३ खाली उतरतो आणि हजाराचे १०३ होतात. आमच्या मते, तोवर घातांक आंतरराष्ट्रीय अंकांतच, त्यांच्या स्वतःच्या क्रमांकांनी लिहावा: १०³. देवनागरी दहाशेजारी तो थोडा परका दिसतो, हे मान्य. पण तो जिथे जाईल तिथे घातांकच राहतो.

समीकरणाचे चित्र करून चिकटवणे हा आपल्याकडचा लाडका तोडगा आहे. छापील पुस्तकापुरते ठीक. डिजिटल आवृत्तीत मात्र ते चित्र शोधता येत नाही, मोठे केले की फाटते, आणि वाचक सॉफ्टवेअरपुढे मुके राहते. लाटेक आणि मॅथएमएल या दोन्ही सोयी विसाव्या शतकातल्या. त्या शिकून घ्यायला आता उशीर नको.

पुढच्या अंकापासून या मासिकातले गणिती मजकूर याच रीतीने लावले जातील. लेखकांनी हस्तलिखितासोबत त्यात वापरलेल्या चिन्हांची यादी, प्रत्येकाच्या युनिकोड क्रमांकासह, पाठवावी. गुणोत्तरासाठी साधा अपूर्णविराम ठेवावा की २२३६ हे खास चिन्ह, यावर आमच्या टेबलावर अजून एकमत नाही. पाठ्यपुस्तके लावणाऱ्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा.