तुटलेल्या चेतातंतूला आधार : मूलपेशींची आशा आणि आपला विवेक



सामायिकाची ४८ मिनिटे एका आसनात पूर्ण करून उठताना पायाला मुंग्या येतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. चेतातंतूवर, म्हणजे आपण बोलण्यात जिला ‘नस’ म्हणतो तिच्यावर, दाब पडल्याने संवेदनेचे वहन थांबते आणि दाब सरताच ते पूर्ववत होते. परंतु दुकानातील काचेने, कारखान्यातील पात्याने किंवा संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांज्याने मनगट खोल कापले जाते, तेव्हा चेतातंतूच तुटलेला असतो आणि बधिरता कायमची ठरू शकते. अशा रुग्णाच्या कुटुंबीयांना अलीकडे ‘स्टेम सेल’ अर्थात मूलपेशींच्या उपचाराची नावे ऐकू येतात. या उपचारात शास्त्र किती आणि व्यापार किती, याचा विचार या महिन्यात करू.

मेंदू व मज्जारज्जू यांच्या तुलनेत हातापायांतील चेतांना निसर्गाने पुन्हा वाढण्याचे मोठे सामर्थ्य दिले आहे. चेता कापली गेली की कापाच्या पलीकडचा तिचा भाग झडतो, हे ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर तेथील ‘श्वॉन’ नावाच्या साहाय्यक पेशी मोडतोड साफ करतात आणि नव्या अंकुरासाठी रांगेने वाट आखून देतात. त्या वाटेने अंकुर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर पुढे सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर अंतर धरले, तर संवेदना परत येण्यास पाच-सहा महिने लागतात. जखम दंडात वर असेल, तर हाताच्या पंजापर्यंत पोहोचण्यास दीड वर्षाहून अधिक काळ जातो. इकडे चेतेविना पडलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नव्या तंतूचा स्वीकार करीनासा होतो. चेतातंतूच्या उपचारातील सारी धडपड या काळाशी चाललेली शर्यत आहे.

दोन्ही टोके ताण न देता जवळ येत असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती शिवतात. मध्ये अंतर पडले असेल, तर बहुधा रुग्णाच्याच पोटरीतील ‘सुरल’ नावाची संवेदी चेता काढून तेथे जोडतात. त्याची किंमत म्हणून पावलाची बाहेरची कड बधिर राहते. परंतु आजही ही पद्धत सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. याला पर्याय म्हणून पोकळ नलिका आल्या. वेलीला मांडव लागतो तसा हा अंकुराला दिलेला आधार. शास्त्रज्ञ त्याला ‘स्कॅफोल्ड’ म्हणतात. साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरासाठी, विशेषतः बोटांच्या लहान संवेदी चेतांसाठी, अशा नलिका प्रत्यक्ष वापरात आहेत.

येथे आपल्या कुटुंबांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : ही नलिका कशाची? पॉलिग्लायकॉलिक आम्लाची नलिका कृत्रिम असते. शरीरात विरघळणारे काही टाके ज्या द्रव्याचे असतात, तेच हे द्रव्य. कोलॅजेनच्या नलिका सामान्यतः गाईबैलांच्या स्नायुबंधांपासून आणि काही वेष्टने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होतात. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. संशोधनात रेशमाचा धागाही वापरला जातो. तो कसा मिळतो हे आपणांस सांगणे नलगे. मरणोत्तर दान केलेल्या मानवी देहातील चेता, तिच्यातील पेशी काढून टाकून, वापरण्याचीही पद्धत आहे. नेत्रदानाची परंपरा जपणाऱ्या समाजाला तिचे मोल उमगेल. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा विचार करणाऱ्या श्रावकाला ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी मिळाली पाहिजे. शल्यविशारदास आधीच विचारले, तर अनेकदा स्वतःच्या चेतेचा किंवा कृत्रिम नलिकेचा पर्याय निघू शकतो. पर्याय नसेल, तर निर्णय ज्याने त्याने आपल्या विवेकाने करावा.

आता मूलपेशींकडे वळू. रिकाम्या नलिकेत श्वॉन पेशींची वाट नसते. म्हणून अंतर वाढले की अंकुर वाटेतच थांबतो. अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील मूलपेशी नलिकेत भरल्या, तर त्या ही उणीव भरून काढतील, ही मूळ कल्पना. प्रयोगांत असे आढळले की सोडलेल्या पेशींपैकी फार थोड्या टिकतात आणि त्यांचा लाभ मुख्यतः त्या स्रवतात त्या वाढपोषक द्रव्यांमुळे होतो. त्यामुळे पेशींऐवजी त्यांचा स्राव, अथवा त्यातील ‘एक्झोसोम’ नावाच्या अतिसूक्ष्म पुड्या वापरण्याकडे संशोधन वळले आहे. पेशी वाढविण्याच्या द्रवातही बहुधा गाईच्या गर्भाचे रक्तजल असते; कत्तलखान्यातील गाभण गाईंच्या गर्भातून ते मिळते. मानवी रक्तबिंबिकांपासून केलेले द्रव हा त्याला पर्याय आहे.

या प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, पण त्यांतील बहुतेक उंदरांवरचे आहेत. उंदराच्या पायात भरून काढायचे अंतर एखाद-दोन सेंटिमीटरचे असते आणि त्याच्या चेता फार चांगल्या वाढतात. मनुष्याच्या दंडातील लांब अंतराशी त्याची तुलना होत नाही. म्हणूनच हा उपचार अद्याप प्रमाणित उपचारांत आलेला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही डिसेंबर २०१९ मध्ये एक्झोसोमच्या विनापरवाना उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्का राज्यातील काही रुग्णांना त्यांचा गंभीर अपाय झाला होता.

आपण व्यापारी माणसे. पारख केल्याशिवाय माल उचलत नाही आणि पक्क्या पावतीशिवाय पैसे मोजत नाही. मग शरीराच्या सौद्यात तरी घाई का करावी? ‘स्टेम सेल’ सुचविणाऱ्यास चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तो कोणालाही विनामूल्य पडताळता येतो. क्रमांक नाही आणि रक्कम मात्र लाखांत, असे असेल तर नम्रपणे नकार द्यावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या वडीलधाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. त्यांच्या चेता कापल्या गेलेल्या नसून रक्तातील साखरेने झिजलेल्या असतात. साखरेवर नियंत्रण आणि पावलांची रोजची तपासणी हाच त्यांचा पाया आहे.

आणि अपघात घडलाच, तर वेळ दवडू नये. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने दाबून रुग्णालय गाठावे. हळद वा कॉफीची पूड भरू नये. टाके घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, “बोटांची संवेदना आणि हालचाल तपासली का?” धारदार वस्तूने तुटलेली चेता पहिल्या काही दिवसांतच जोडली, तर सर्वांत चांगली जुळते. वाहन अपघातात ओढली गेलेली चेता काही काळ निरीक्षणाखाली ठेवतात. परंतु तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर चेताशस्त्रक्रियेच्या तज्ज्ञास दाखविण्यास विलंब नको. उद्याच्या उपचाराची वाट पाहण्यात आजची शस्त्रक्रिया हुकली, तर गेलेले महिने कोणतीही मूलपेशी परत आणू शकत नाही.