डाख घेताना भाव शेवटी विचारावा

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने धातूंच्या जोडाविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु आज आपल्या डाळगिरण्यांतून खडा व काळा दाणा निवडणारी विद्युत्-यंत्रे आली आहेत, आणि त्यांची दुरुस्ती करवून घेण्याचा प्रसंग आपणां सर्वांवरच येतो. असा एक प्रसंग आम्हांस बराच महाग पडला. म्हणून हे चार शब्द.

यंत्रातील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागास हीटसिंक म्हणतात. आमच्या यंत्रात तांब्याच्या बंद नळ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत डाखाने बसविलेल्या होत्या. नळीत थोडे पाणी असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा पाणी होऊन परतते, आणि अशा रीतीने उष्णता वाहून नेली जाते. कमी उष्णतेच्या डाखाचे मर्म येथेच आहे. कथील, चांदी व तांबे यांचा शिसेविरहित डाख सुमारे 217 अंशांस वितळू लागतो. त्या उष्णतेस नळीतील वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 22 पट होतो व नळी फुगण्याचे भय असते. 42 भाग कथील व 58 भाग बिस्मथ यांचा डाख 138 अंशांसच वितळतो. तेथे हा दाब सुमारे 3.4 पट असतो. शिवाय ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते. जोड कमी उष्णतेस झाला, तर निवताना त्यात ताणही कमी राहतो.

मग आमचे चुकले कोठे? दुरुस्ती करणाऱ्यास आम्ही भाव विचारला. नळीवर पूर्वी कोणता डाख होता, हे विचारले नाही. तेथे शिसेयुक्त जुना डाख राहिलेला होता व त्यावरच बिस्मथाचा डाख चढविला गेला. कथील, बिस्मथ व शिसे एकत्र आले की सुमारे 96 अंशांसच वितळू लागणारा अंश तयार होऊ शकतो. ऐन तुरीच्या हंगामात जोड सुटला, यंत्र आठ दिवस बंद राहिले आणि दिलेला शब्द मोडण्याची पाळी आमच्यावर आली.

दोष कारागिराचा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पोत्यातील मूठभर दाणा हातावर घेऊन, त्याची ओल पाहिल्यावाचून आम्ही कधी भाव बोलत नाही. ती रीत येथे आम्हीच सोडली.

कमी उष्णतेचा डाख सर्वत्र चालतो, असा समज धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रथम तीन प्रश्न विचारावेत. जोडाची जागा काम करताना किती तापते? ती 138 अंशांच्या जवळ जात असेल, तर हा डाख नको. ॲल्युमिनियमवर निकेलचा मुलामा आहे काय? उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर लगेच येतो व साधा डाख धरत नाही. शिशाचा जुना डाख पुरता काढला काय? याखेरीज बिस्मथाचा डाख ठिसूळ असतो. म्हणून जड हीटसिंकाचा भार स्क्रूंवर असावा, डाखावर नव्हे.

या प्रश्नांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. आपली जी मुले आता दुरुस्तीच्या धंद्यात शिरत आहेत, त्यांनी तर ती गिऱ्हाइकाने न मागताच लिहून द्यावीत. भावाची बोलणी त्यानंतर.