'ढ' म्हणण्याआधी

"सर, याच्या डोक्यात काईच शिरत नाई." पालकसभेत हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. खरं सांगायचं तर आपण शिक्षकही ऑफिसात असंच बोलतो, फक्त जरा शुद्ध भाषेत.

पण नेमकं अडतं कुठे? मुलाला ५, ८, २, ६ असे आकडे ऐकवा आणि उलटे म्हणायला सांगा. आकडे मनात धरायचे आणि त्याच वेळी फिरवायचे, हे काम मेंदूच्या पुढच्या भागावर बरंच अवलंबून असतं. हातच्याच्या बेरजेत मूल हेच करतं. १९३५ च्या स्ट्रूप चाचणीत 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो आणि सांगायचा असतो शाईचा रंग. शब्द वाचायची ओढ आवरता येते का, ते त्यात कळतं. एडीएचडी, नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांत मेंदूचं कोणतं काम मंदावतं, हे संशोधक अशा चाचण्यांना स्कॅनची जोड देऊन शोधतात.

पण उलटे आकडे या तिन्ही आजारांत चुकू शकतात. रात्री झोप न झालेल्या, कानाने कमी ऐकू येणाऱ्या, किंवा बापाने जीव दिलेल्या घरातून आलेल्या मुलाचेही चुकतात. (आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.) म्हणून मोबाईलवर पाहून वर्गात कोणी निदान करत बसू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. बिने यांची चाचणी १९०५ ची, फ्रेंच मुलांसाठी. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. नुसत्या भाषांतराने भागलं असतं, तर एवढा खटाटोप कशाला केला असता? मग पोडावरचं कोलामी बोलणारं किंवा तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं मूल आज मराठीत तीच चाचणी देतं, तेव्हा आपण मोजतो काय? बुद्धी की मराठी?

तरीही माझं मत चाचणीच्या बाजूनेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि तपासणी झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, सवलत नाही. पालकांनो, बोलावणं आलं की "माझं पोरगं येडं नाही" म्हणून टाळू नका. जाताना मुलाच्या जुन्या वह्या न्या. घरी कोणती भाषा बोलता ते आधीच सांगा. अहवाल मिळाला की एकूण गुणाच्या आधी खालचे वेगवेगळे रकाने वाचून घ्या, आणि त्याची एक झेरॉक्स वर्गशिक्षकांना द्या.