फॉरमॅट मारण्यापूर्वी

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे हर्णे बंदरात धांदलीचे दिवस. १ जूनपासून बंद असलेली मासेमारी १ ऑगस्टला सुरू व्हायची असते. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचे रंग वाळायचे असतात, जाळी शिवून व्हायची असतात, इंजिनं एकदा तरी चालवून बघायची असतात. आमच्या छोट्या अंकाचीही घाई त्याच आठवड्यात. नारळी पौर्णिमेचा अंक छापखान्यात वेळेवर पोचला नाही, तर पुढे त्याला वाचकही नाही आणि जाहिरातीचे पैसेही नाहीत. नेमक्या अशाच एका सोमवारी सकाळी पानं जुळवायचं यंत्र सुरू केलं आणि पडदा काळाच राहिला. डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही.

यंत्र म्हणतोय ते खरं तर यंत्र नव्हे, व्हर्च्युअल मशीन आहे. कचेरीत संगणक एकच. वर्गणीदारांचा हिशोब आणि पत्त्यांची लेबलं ज्या जुन्या प्रोग्रामवर निघतात तो विंडोजशिवाय चालत नाही, आणि पानं लावणाऱ्या मुलाचा हात लिनक्सवर बसलेला. म्हणून विंडोजच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स, आणि त्याच्या आत उबुंटू लिनक्स. एका घरात दोन चुली. आतल्या लिनक्सला वाटतं, आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, डिस्क आहे, पडद्याचं कार्ड आहे. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी बाहेरच्या प्रोग्रामने उभी केलेली सोंगं असतात. शनिवारी संध्याकाळी या आतल्या लिनक्सने अपडेट मागितलं, आम्ही दिलं. त्यात नवीन कर्नल आला. लष्करातला कर्नल नव्हे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा या सगळ्यांशी बोलणारा, लिनक्सचा अगदी गाभ्यातला भाग तो हा.

फोनवर दुरुस्तीवाल्याने लक्षणं ऐकली आणि दुसऱ्याच वाक्याला निदान केलं: “फॉरमॅट मारायला लागेल. दोन तासांचं काम.”

या वाक्यासाठी आजचा हा मजकूर. फॉरमॅट हा आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावरचा काढा होऊन बसला आहे. पडदा काळा, मारा फॉरमॅट. प्रिंटर रुसला, मारा फॉरमॅट. त्याने यंत्र चालू होतं हे खरं, पण बिघाड कशाने झाला होता ते कायमचं पुसलं जातं आणि पुढच्या अपडेटला तोच बिघाड पुन्हा दारात येतो. दुरुस्तीवाल्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तो भर पावसात दापोलीहून घाट उतरून येणार, त्याला पैसे मिळणार ते यंत्र चालू केल्याचे. नोंदी वाचत तीन तास बसला तर त्या तीन तासांचे पैसे त्याला कोण देणार? आपण कारण शोधायला पैसे देतच नाही, मग तो कारण कशाला शोधेल?

आम्ही फॉरमॅट केलं नाही. त्यात शहाणपणापेक्षा अंकाची चोवीस पानं आत अडकल्याची भीती जास्त होती, हे कबूल करायला हवं.

पहिला प्रश्न होता, यंत्र मेलंय की फक्त दिसत नाहीये? व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल कळ दाबून एफ३ दाबलं. क्षणभर काही नाही, मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ आली. पासवर्ड दिला, फोल्डर उघडला, चोवीसच्या चोवीस पानं जागच्या जागी. म्हणजे कर्नल उठला होता, डिस्क उठली होती, नेटवर्कसुद्धा उठलं होतं. उठलं नव्हतं ते फक्त चित्र. सगळ्यात आधी ती पानं नेटवर्कवरून दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. एरवी आम्ही विंडोज आणि लिनक्स यांच्यातल्या सामायिक फोल्डरमधून फायली नेतो, पण तोही त्या दिवशी रिकामा दिसत होता. ही गोष्ट तेव्हा जाता जाता पाहिली आणि विसरलो. पुढे तिनेच आम्हाला चकवलं.

दुसरी पायरी जुन्या कर्नलवर परतण्याची. नवा कर्नल आला म्हणून लिनक्स जुना लगेच फेकून देत नाही. उबुंटू निदान मागचा एक ठेवतं, फेडोरा हे दुसरं लिनक्स नेहमीच्या मांडणीत तीन ठेवतं. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल उठवायचा ते विचारणारी, यादी काढली, तिच्यातल्या प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा आकडा निवडला, आणि अर्ध्या मिनिटात रोजचा पडदा, रोजची पानं. त्या दिवसाचं काम तिथेच सुटलं. पण या पायरीचा खरा फायदा त्याहून मोठा आहे. डिस्क तीच, मांडणी तीच, प्रोग्राम तेच. बदलला तो एक कर्नल, आणि त्याच्याबरोबर पडदा गेला. संशयितांची भलीमोठी यादी एका फटक्यात एका नावावर आली. फॉरमॅटने नेमकी हीच तुलना हातची जाते.

आता कर्नल बदलल्यावर पडदाच का जावा? इथे लिनक्सचा एक स्वभाव माहीत असायला हवा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या कर्नलची नवी आवृत्ती आता साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यात बाहेरच्या जगाला दिलेला एक शब्द कसोशीने पाळला जातो: तुमचा नेहमीचा प्रोग्राम काल चालत होता तर आजही चालला पाहिजे. आतल्या मांडणीबद्दल मात्र असा शब्द कोणी दिलेला नाही. कर्नलचे आतले सांधे जाणूनबुजून बदलते ठेवले जातात, आणि त्यांना टेकून बसलेल्या बाहेरच्या ड्रायव्हरने दर वेळी नव्याने जुळवून घ्यायचं असतं. जो ड्रायव्हर कर्नलच्याच भांडारात असतो त्याची दुरुस्ती तिथल्या तिथे होते. बाहेरून आणून बसवलेला मागे पडतो.

बंदरात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. होडीत नवं इंजिन बसवलं की जुना शाफ्ट तसाच धरत नाही. मधलं कपलिंग पुन्हा जुळवावं लागतं. मिस्त्री फिलर गेज घालून चारही बाजूंची फट बघतो आणि इंजिनाच्या पायाखाली पत्रे सारतो. इंजिन चांगलं असतं, शाफ्टही चांगला असतो. थरथर सुटते ती मधल्या सांध्यात. म्हणून कोणी होडी भंगारात काढत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समधलं असं बाहेरून बसवलेलं कपलिंग म्हणजे गेस्ट अॅडिशन्स. सामायिक फोल्डर आणि आतबाहेर मजकूर चिकटवणं या सोयी त्यातून येतात, पडद्याचा आकार खिडकीप्रमाणे बदलण्यातही त्याचा हात असतो. नवा कर्नल आला की त्यातली मॉड्यूल त्या कर्नलसाठी पुन्हा बांधावी लागतात. बाहेरच्या मॉड्यूलसाठी हे काम आपोआप करणारी डीकेएमएस नावाची व्यवस्था डेल कंपनीतल्या लोकांनी २००३ च्या सुमारास उभी केली. पण बांधायला त्या कर्नलच्या हेडर फायली हव्यात, आणि अॅडिशन्सची आवृत्ती नव्या सांध्यांना ओळखणारी हवी. नसली तर बांधणी फसते. फसल्याची ओळ अपडेटच्या वेळी पडद्यावरून सरकून जाते, शेकडो ओळींतली एक. शनिवारी संध्याकाळी चहा पीत बसलेल्या माणसाला ती दिसत नाही.

आमच्या नोंदींत ती ओळ सापडली. अॅडिशन्स कितीतरी जुन्या, नव्या कर्नलवर बांधल्याच गेल्या नव्हत्या. सापडला चोर, असं म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या नव्या अॅडिशन्स घातल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं. सामायिक फोल्डर भरलेला दिसला. पडदा काळाच.

दोन बिघाड होते, आणि त्यांतला जो ठळक दिसला त्यालाच आम्ही कारण मानलं. अॅडिशन्स नसल्या तर सोयी जातात, पण हल्लीच्या कर्नलमध्ये चित्र काढणारा ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असतो. अॅडिशन्सवाचून तेवढ्यासाठी सहसा अडत नाही. हे आधी आठवलं असतं तर दुपार वाचली असती. मग दुसरी कसोटी घेतली. ग्रबमध्ये त्या नव्या कर्नलच्या ओळीवर ई दाबून ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला. त्याचा अर्थ इतकाच की पडद्याची मांडणी कर्नलने आपल्या हाती घेऊ नये, सुरुवातीला मिळाला तसा साधा पडदा चालू द्यावा. पडदा उजळला, लहान आणि ओबडधोबड, पण उजळला. म्हणजे दोष कर्नलच्या चित्र काढणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, किंवा तो ज्या खोट्या कार्डाशी बोलतो त्या कार्डात. नोमोडसेट हा इलाज नव्हे, ती चाचणी आहे. पुष्कळ लोक तो शब्द कायमचा लिहून मोकळे होतात आणि मग संगणक मंद झाल्याची तक्रार करत राहतात.

ते खोटं कार्ड निवडायची सोय व्हर्च्युअलबॉक्सच्या मांडणीत असते. डिसेंबर २०१८ मध्ये ६.० ही आवृत्ती आली तेव्हापासून नव्याने बनवलेल्या लिनक्स मशीनला व्हीएमएसव्हीजीए हे कार्ड मिळतं. आमचं मशीन त्याहून जुनं. त्याला व्हीबॉक्सव्हीजीए होतं, आणि पडद्यासाठी फक्त १६ एमबी मेमरी. मशीन पूर्ण बंद करून आधी फक्त कार्ड बदललं. पडदा आला. मग मेमरी १२८ केली, पुन्हा पाहिलं. थ्रीडीची खूण बंदच ठेवली. पानं लावायला ती लागत नाही आणि कित्येकदा काळ्या पडद्याचं मूळ तिथेच निघतं. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण तिन्ही एकदम बदलली असती तर पडदा आला असता आणि कशाने आला ते या लेखात लिहिता आलं नसतं.

ज्यांच्याकडे खालचा संगणकच लिनक्सचा असतो त्यांचं दुखणं वेगळं. तिथे कर्नल बदलला की काळ्या पडद्याऐवजी मशीन सुरूच होत नाही असंही घडतं. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम हे लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्सला ती मागाहून मिळेलच असं नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. लक्षण सारखंच वाटतं, कारण भलतंच. फोनवर दुसऱ्या वाक्याला निदान होत नाही ते म्हणूनच.

यावर लगेच येणारा सूर असा: मग अपडेट करताच कशाला? चाललंय ते चालू द्या. हा सूर आम्हाला पटत नाही. २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ नावाचं भोक उघड झालं. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये साध्या वापरकर्त्यालाही, फक्त वाचायला दिलेल्या फाइलींत, लिहिता येत होतं. ज्यांनी अपडेट थांबवली होती त्यांचं दार तसंच उघडं राहिलं. शिवाय थांबवतो म्हणूनही सगळं थांबत नाही. उबुंटू २२.०४ आलं तेव्हा त्यात ५.१५ हा कर्नल होता. तीच उबुंटू डेस्कटॉपवर ठेवली तरी पुढे ५.१९, ६.२, ६.५, ६.८ असे कर्नल येत गेले. वरचं नाव तेच, गाभा चार वेळा नवा.

अपडेटने घात होतो हे खोटं नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगभरातली विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर आणून बसवली; आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हाती पडले. तिथेही बहुतेक यंत्रांत इलाज एवढाच होता की सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल काढायची. डिस्क शाबूत होती, माहिती शाबूत होती.

म्हणून संस्था, पतपेढ्या, शाळा, आमच्यासारखी छोटी प्रकाशनं यांनी अपडेट बंद न करता ती घ्यायची रीत बदलावी. कामाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. घेण्याआधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट काढावा, आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले. दुरुस्तीवाल्याला काम देताना कारण शोधण्याचे पैसे वेगळे ठरवावेत आणि काय बदललं ते त्याच्या हाताने लिहून घ्यावं. बंदरात डिझेलचा हिशोब लिटरवार लिहिणारी माणसं संगणकात कुठली आवृत्ती आहे ते कुठेच टिपत नाहीत, याचं आम्हाला नेहमी नवल वाटतं.

त्या सोमवारनंतर आमच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आली आहे. तारीख, कर्नलचा आकडा, अॅडिशन्सची आवृत्ती, कार्डाचं नाव, आणि कोणी हात लावला त्याचं नाव. अंक वेळेवर गेला. १ तारखेला होड्या सुवर्णदुर्गाला वळसा घालून बाहेर पडल्या, आणि त्यानंतर संध्याकाळच्या लिलावात बैलगाड्यांभोवती पहिल्यासारखी गर्दी जमू लागली. हे लिहीत असताना पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा खूण उमटली आहे, नवा कर्नल तयार आहे म्हणून. या अंकाची शेवटची चार पानं बाकी आहेत. ती गेली की रविवारी घेऊ.