विमानतळ दारात, नोकरीची वाट मात्र एजंटाच्या हाती

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानसेवा सुरू झाली आणि परदेश पेडण्याच्या दारात आला. परदेशातील नोकरी मात्र तितकी जवळ आलेली नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीत खनिज वाहतुकीवर जगणाऱ्या कुटुंबांचा आधार तुटला. अशा घरांत परदेशाचा विचार हौसेपोटी नव्हे, गरजेपोटी होतो.

बार्देश-सासष्टीतील अनेक कुटुंबांना जहाजावरील आणि आखातातील नोकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे. आधी गेलेला नातेवाईक पुढच्याला कंपनी, पगार आणि धोके सांगतो. नव्या काबिजादीतील पेडणे-डिचोलीत ही साखळी विरळ आहे. तिची जागा एजंट घेतो.

पोर्तुगीज पारपत्राची वाटही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वारस ठरावीक पिढीपर्यंत त्या नागरिकत्वावर दावा करू शकतात. परंतु ते स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही कामाचा व्हिसा लागतो. २२ जुलै २०२५ पासून त्या देशाने कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा वार्षिक ४१,७०० पौंडांवर नेली, बहुतांश नोकऱ्यांसाठी पदवीस्तरीय कौशल्याची अट घातली आणि वृद्धसेवेतील कामगारांची परदेशातून नवी भरती बंद केली. त्यामुळे लंडनमध्ये हॉटेल वा गोदामातील नोकरीचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते संशयानेच पाहावे लागेल.

आखाताच्या बाबतीत धोका वेगळा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना तेथील नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सरकारी परवानगी घ्यावी लागते आणि त्या निमित्ताने करार तपासला जातो. दहावी झालेला बहुतेक तरुण या छाननीतून मुक्त असतो. शिक्षणाने मिळालेली ही मोकळीक एका अर्थी संरक्षणही काढून घेते. पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगणाऱ्यांचे त्यामुळेच फावते. अशा व्हिसावर काम करणारा तेथे बेकायदा ठरतो. मग पगार थकला तरी दाद मागणे कठीण होते.

केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यांच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये व वर वस्तू-सेवा कर एवढीच आहे. लाखांची मागणी झाली, तर तीच पहिली धोक्याची घंटा. ही माहिती पंचायतीत आणि आयटीआयमध्ये मराठी-कोकणीतून मिळाली पाहिजे. दागिने गहाण पडल्यानंतर होणाऱ्या पोलीस तक्रारीपेक्षा दागिने घरात असताना मिळालेला सल्ला अधिक मोलाचा आहे.