दोन्ही पाय एकाएकी गेले तर…

‘अंगावरून वारे गेले’ म्हटले की डोळ्यांपुढे मेंदूचा झटका येतो. परंतु अशीच रक्तबंदी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतही होते. ती विरळ असली तरी लक्षणे ध्यानी असावीत. पाठीत वा मानेत एकाएकी कळ येते, काही मिनिटांत वा तासांत दोन्ही पाय निर्जीव होतात, लघवी तुंबते. चेहरा व वाणी शाबूत राहतात. म्हणूनच घरची मंडळी ‘कंबर धरली’ म्हणून तेल चोळीत बसतात.

मज्जारज्जूच्या पुढल्या दोन-तृतीयांश भागाला एकच धमनी रक्त पुरविते. ती बंद पडली की पेशी फुगतात व पाण्याच्या रेणूंचा संचार खुंटतो. हा खुंटलेला संचार ‘डिफ्युजन एमआरआय’ टिपतो. साधा एमआरआय पहिल्या दिवशी निर्दोष दिसू शकतो. ही तपासणी काही तासांतच खूण दाखवू शकते. मात्र रज्जू करंगळीएवढा, त्यातही श्वासाने व नाडीने हलणारा. चित्र अस्पष्ट निघाल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

रक्तबंदीवर रामबाण औषध नाही; तरी रक्तदाब सांभाळणे व महाधमनी तपासणे वेळेवरच व्हावे लागते. शिवाय गाठ वा गळू रज्जूला दाबीत असल्यास तातडीची शस्त्रक्रिया पाय वाचवू शकते. तो भेद एमआरआयच उघड करतो.

कमलनगरकरांना उदगीर जवळ, बीदर दूर. अशा वेळी राज्याची सीमा पाहू नये. एमआरआयची सोय कोठे चालू आहे ते विचारून रुग्णास थेट तेथे न्यावे. आणि पाय नेमके किती वाजता गेले, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.